पाळलेलं पाणी

सकाळी सहाच्या आत आमच्याकडे नळाला पाणी यायचं, आणि त्या वेळी वर्तककाकू स्टीलचं फुलपात्र नाकाशी धरून आपल्या दारात उभ्या असायच्या. मी हिंजवडीची बस पकडायला अर्धवट झोपेत जिना उतरत असे. त्या आधी वास घ्यायच्या, मग एक घोट तोंडात घोळवायच्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "आज हात जड पडलाय." म्हणजे पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्याचा. हात हलका पडला असेल तर काही न बोलता आत जायच्या.

खडकवासल्याचं पाणी घरोघरी येण्याआधी जिथे शुद्ध होतं, तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस-एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण नाक अजून कामावर होतं. लग्नाकार्याला जाताना स्वतःची बाटली न्यायच्या. कुणाकडे गेल्या आणि समोर पेला आला, की तो आधी उजेडाकडे धरायच्या. यजमानांना ते आवडत नसे. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मी मूळचा अमरावतीचा. बायको तिकडे शाळेत शिकवते, मुलगी तिच्याजवळ असते, आणि मी इथे शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटा. वर्तक माझ्या खालच्या मजल्यावर. रोज येऊन-जाऊन साडेतीन तास बसमध्ये गेले की शेजाऱ्यांशी गप्पा मारायची ताकद माणसात उरत नाही. काकूंना ते चालायचं. बोलणारा एक माणूस घरात होता, तेवढा त्यांना पुरेसा होता.

आमच्या गच्चीवरची टाकी धुवायला दर सहा महिन्यांनी एक माणूस यायचा आणि तासाभराने "झाली" म्हणून सांगून जायचा. एकदा तो येण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला वर नेलं. टॉर्च माझ्या हातात दिला, पदर खोचला, आणि साठी उलटलेल्या त्या बाई लोखंडी शिडीवरून टाकीत वाकून आतल्या भिंतीवर बोटाने एक फुली काढून आल्या. शेवाळाचा थर इतका होता की फुली स्वच्छ उमटली. दुसऱ्या दिवशी तो माणूस "झाली" म्हणाल्यावर त्याला वर घेऊन गेल्या. फुली जागच्या जागी होती.

"धुतलीत तुम्ही, शंकाच नाही," काकू म्हणाल्या, "फक्त फार हलक्या हाताने धुतलीत. पुन्हा धुवा, मी बसते इथे."

आणि त्या खरोखरच उन्हात छत्री उघडून दोन तास बसल्या. पुढे तो माणूस आला, की आधी काकूंना वर्दी देऊन मगच शिडी चढायचा.

वर्तककाका म्हणजे सगळंच उलट. टपाल खात्यात नोकरी झालेली, जिभेवर सतत काहीतरी असायचं, आणि घरातल्या उकळून गाळून ठेवलेल्या पाण्याला चव नाही म्हणून चौकात जाऊन बर्फ घातलेला उसाचा रस प्यायचे. पिऊन आल्यावर घरी सांगायचेही. काकू विचारायच्या, "त्या बर्फाचं पाणी कुठलं, चौकशी केलीत?" काका म्हणायचे, "केली ना. हिमालयातलं आहे म्हणाला." काकू त्यावर हसायच्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला जिन्यात ते वाक्य जसंच्या तसं सांगायच्या.

काकांना घरात मासे पाळायचे होते. ही मागणी लग्नाइतकीच जुनी होती आणि काकूंनी ती दर वेळी एकाच कारणाने फेटाळली होती. "पाण्याची जबाबदारी मी दिवसभर ऑफिसात घेते. घरी आल्यावर नको." त्या निवृत्त झाल्यावर काकांनी पुन्हा अर्ज केला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सवय गेली."

गेल्या वर्षी थंडीत काका छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलमध्ये गेले आणि अठरा दिवसांनी परत आले, ते स्ट्रेचरवरून. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरीच ठेवा, दोन महिने धरा. मी तिथेच उभा होतो. काकूंनी मान डोलावली आणि औषधांच्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या.

बाहेरच्या खोलीत काकांची कॉट लागली. त्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात भिंतीएवढी एक माशांची टाकी होती, आणि तपासणीला नेताना-आणताना काकांची चाकाची खुर्ची तिच्यासमोर थांबायची. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच जुनी मागणी केली. या वेळी विनोद नव्हता. "उषा, आता तरी," एवढंच म्हणाले. काकू म्हणाल्या, "बरं."

त्या शनिवारी मी आणि काकू दुकानात गेलो. दुकानदाराने टाकी, फिल्टर, वाळू, दोन झाडं काढून दिली आणि सवयीने मासे पकडायची जाळी उचलली.

"मासे नकोत," काकू म्हणाल्या.

"मग टाकी कशाला?"

"पाण्यासाठी."

त्याने एक बाटली पुढे केली. "काकू, हे औषध चार थेंब टाका आणि तासाभरात मासे सोडा. काही होत नाही. शेकडो लोक नेतात आमच्याकडून."

"आणि आठवड्याने तेच शेकडो लोक परत मासे न्यायला येतात, नाही का?"

दुकानदार हसला, कारण ते खरं होतं. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, मग आमच्या जुन्या टाकीतला स्पंज घेऊन जा, तुमचं काम लवकर होईल. काकूंनी त्या जुन्या टाकीत डोकावून पाहिलं. तळाशी अंगावर पांढरे ठिपके आलेला एक मासा कलंडून पडला होता. "ह्या विरजणाचं दही मला नको," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

घरी येताना रिक्षात त्यांनी मला समजावलं. तीस वर्षं शिकाऊ लोकांना समजावलं असेल त्याच आवाजात. मासा खातो आणि पाण्यात घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि त्याच अमोनियाने मासा मरतो. वाळूत आणि स्पंजात हळूहळू काही जंतू वस्तीला येतात, ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात, ते नायट्राइट खातात, आणि मागे जे राहतं त्याचा माशाला फारसा त्रास होत नाही. "दूध लावून ठेवलं की दही लागायची वाट बघतो ना, तसंच. टाकी लागावी लागते."

"किती दिवस?"

"सहा आठवडे." त्या बाहेर बघत होत्या. "डॉक्टर आठ म्हणालेत. बसतंय."

त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. नवऱ्याच्या उरलेल्या दिवसांत सहा आठवडे बसवून बघणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण चार दिवसांत मासे मेलेले त्यांना काकांसमोर चालणार नव्हते, हेही मला कळत होतं.

मग ते सुरू झालं. काकांच्या कॉटसमोर टेबलावर टाकी, आत वाळू, दोन झाडं, बुडबुडे, आणि काही नाही. काकू रोज सकाळी त्या रिकाम्या टाकीत माशांच्या खाण्याची चिमूट टाकायच्या. ते खाणं कुजायचं, म्हणजे अमोनिया व्हायचा, म्हणजे जंतूंना जेवण मिळायचं. संध्याकाळी दोन काचनळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकायच्या आणि रंग बघायच्या. अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची आकाशी झाली, की टाकी लागली. पहिले काही दिवस पहिली नळी हिरवीगार यायची.

काका येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकी दाखवायचे. "लोक मासे पाळतात. आमच्या हिने पाणी पाळलंय." कुणी विचारलं, "चावत नाही ना?" तर म्हणायचे, "अजून लहान आहे." दुसऱ्या आठवड्यात पाणी गढूळलं, तेव्हा म्हणाले, "दात येतायत त्याला." काकू स्वयंपाकघरातून ऐकत असायच्या. त्या दिवसांत त्या घरात हसू होतं, आणि रोज रात्री नऊ वाजता थकून आल्यावर मी माझ्या खोलीआधी त्यांच्याकडे डोकवायला लागलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून काकांची थोरली बहीण आली. तिने दोन दिवस तो प्रकार पाहिला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यादेखत स्वयंपाकघरात विषय काढला.

"उषा, चार दिवसांचा सोबती आहे तो. आणून टाक ना दोन मासे. मेले तर दुसरे आण. त्याला काय कळणारे?"

"त्यांना कळेल, वन्सं. दिवसभर त्यांना तेवढंच बघायचं आहे."

"तुझं शास्त्र राहू दे गं बाजूला."

काकूंनी पोळी उलटली. वन्सं गेल्यावर मला म्हणाल्या, "वानखेडे, सगळे मला कसाई समजतात का?" मी नाही म्हटलं. खरं तर मीही थोडासा समजायला लागलो होतो.

चौथ्या आठवड्यात काकांचा विनोद आटला. पाय सुजले, बोलताना दम लागायचा. नजर टाकीवर असायची, पण तिच्यावर काही बोलत नसत. हिरवी नळी पिवळसर व्हायला लागली होती, मात्र दुसरी गडद जांभळी येत होती. "अर्ध्यावर आलंय," काकू म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्या येता-जाता बघायच्या.

त्या शनिवारी त्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची व्यवस्था करायला गेल्या आणि मला काकांपाशी बसवून गेल्या. मी मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत होतो. काका म्हणाले, "वानखेडे, एकदा बघू द्या हो." मी विचारलं, काय? त्यांनी टाकीकडे हनुवटी केली. "मी तिला नाही सांगणार."

टाकीत मासे आल्यावर ते लपणार कसे, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मलाही कळत होतं. पण माझे वडील गेले तेव्हा मी पुण्यात एका मीटिंगमध्ये होतो, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची हिंमत तेव्हापासून माझ्यात उरलेली नाही. दुकान पाच मिनिटांवर होतं. शेजारच्या दारावर टकटक करून तिथल्यांना काकांपाशी बसवलं आणि दोन सोनेरी मासे घेऊन आलो. पिशवी पाण्यात उघडली.

काका उशीवरून वर सरकले. मासे काचेला लागून एक चक्कर मारून आले, तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, लहान मुलाला गुदगुल्या केल्यावर निघतो तसा. "हा जाडा पोस्टमास्टर," ते म्हणाले, "आणि तो मागचा त्याचा शिपाई."

काकू आल्या. चपला काढल्या, टाकी पाहिली, काकांचा चेहरा पाहिला. मला वाटलं, आता मासे बाहेर काढतात. त्या म्हणाल्या, "नावं ठेवून झाली का?"

"झाली," काका म्हणाले.

"मग आता परत देता यायचे नाहीत." आणि मला म्हणाल्या, "ऑफिसला उशिरा गेलात तर चालतं का? रोज सकाळी दोन बादल्या उचलायला लागतील."

तयार नसलेल्या पाण्यात मासे जगवायचे, तर एकच उपाय होता. रोज दोन वेळा निम्मं पाणी काढायचं आणि निम्मं नवं भरायचं, म्हणजे विष साठत नाही. नवं पाणीही नळाचं चालत नाही, क्लोरीन उडून जायला दिवसभर उघडं ठेवावं लागतं. त्यांच्या गॅलरीत पिंप, टब, कळशा, होतं नव्हतं ते सगळं पाण्याने भरून ठेवलेलं असायचं. काकू मोजून खडेमीठ विरघळवून टाकायच्या; त्याने नायट्राइट माशाला कमी बाधतं. सकाळी मी बादल्या उचलायचो आणि दुसरी बस पकडायचो. संध्याकाळचं पाणी मी पोचेपर्यंत त्यांनी एकट्यांनी बदललेलं असायचं. अडुसष्ट वर्षांची बाई, नवऱ्याला उठवायचं, बसवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि शिवाय हे. एकदा मी आलो तर त्या भिंतीला टेकून बसल्या जागी झोपल्या होत्या आणि नळी त्यांच्या मुठीत होती. मी त्यांची माफी मागायला हवी होती. रोज ठरवायचो आणि रोज नुसती बादली उचलायचो.

पाचव्या दिवशी सकाळी शिपाई मेला. काका झोपेत होते. काकूंनी तो जाळीने काढला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने काका जागे झाले.

"शिपाई दिसत नाही?"

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. ह्या बाईने उभ्या जन्मात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. "झाडामागे आहे," त्या म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. काका सकाळी विचारायचे, "शिपाई उठला का?" काकू म्हणायच्या, "झोपलाय अजून." किंवा, "आत्ता येऊन गेला, तुमचा डोळा लागला होता." त्यांना खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते फार सविस्तर असायचं. एक दिवस त्या गॅलरीत पाणी भरत असताना काकांनी मला जवळ बोलावलं.

"मेलाय ना तो?"

मी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

"मला त्याच दिवशी कळलं. तिला नका सांगू. एवढ्या कष्टाने बोलते, मोडायला नको." मग श्वास घेऊन म्हणाले, "दमलीये हो ती."

त्यानंतर सहा दिवसांनी, दुपारी, पोस्टमास्टरकडे बघता बघता काका गेले. टाकी लावल्याला पाच आठवडे आणि एक दिवस झाला होता. लोक आले, गेले. त्या संध्याकाळीसुद्धा निम्मं पाणी बदललं गेलं. मी बदललं, काकू बाजूला उभ्या राहून "सावकाश" म्हणाल्या.

चौदावा झाल्यावर एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर दोन नळ्या होत्या, एक पिवळी, एक आकाशी. तीन दिवस पाणी न बदलताही रंग तेच आले होते.

"लागली टाकी," त्या म्हणाल्या.

मी मूर्खासारखं विचारलं, "मग आता आणू का अजून मासे?"

"कुणासाठी?"

तेव्हा मी ते एकदाचं बोललो. "काकू, माझं चुकलं."

"चुकलंच. पाणी तयार नव्हतं." त्यांनी नळ्या उचलल्या, परत ठेवल्या. "पण गणित माझं चुकलं. डॉक्टर आठ म्हणाले, मी आठ धरून चालले. तुम्ही माझं ऐकलं असतं, तर ते नुसतं पाणी बघत गेले असते. मला रोज जेवताना हेच आठवतं. घास उतरत नाही."

रस्त्यावरून स्कूटर जाण्याचे आवाज येत होते.

"एक विचारते. खरं सांगा, बरं वाटावं म्हणून सांगू नका," त्या म्हणाल्या. "शिपाई मेल्याचं ह्यांना कळलं होतं का?"

काकांनी मला नको म्हणून बजावलं होतं. पण समोर ही बाई बसली होती, जिने आयुष्यभर दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त जे आहे ते तसंच सांगा म्हटलं होतं.

"कळलं होतं," मी म्हटलं. "त्याच दिवशी. तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुम्ही दमलाय म्हणाले."

त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या.

"चाळीस वर्षांत एक गोष्ट पोटात राहिली नाही त्यांच्या," त्या म्हणाल्या. "ही बरी राहिली."

चष्मा न लावताच त्या उठल्या आणि काकांच्या कॉटवर, त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या. ती गादी अजून तशीच होती. पोस्टमास्टर काचेपाशी आला, तसा त्यांनी हात पुढे केला आणि काचेला न लावता तसाच धरून ठेवला. मी चपला हातात घेतल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.